उच्छ्वासातला ब्रेक

गेल्या पावसाळ्यात बेळगावात एका प्रशिक्षणात बोलायला गेलो होतो. समोर बालमंदिर आणि निरीक्षणगृहात काम करणारी पंचवीस-तीस माणसं होती. वॉर्डन, समुपदेशक, रात्रपाळीचे काळजीवाहक, स्वयंपाकाच्या मावशी. त्यांच्याकडची मुलं खानापूरच्या जंगलपट्ट्यातली, निपाणीकडची, गोकाक-सौंदत्तीची. कुणी घरातून पळालेलं, कुणी चोरी-मारामारीत सापडलेलं. विषय होता कर्मचाऱ्यांचा स्वतःचा राग.

रात्रपाळीचे एक काका म्हणाले, "राग आला की मी मागं जाऊन लाकडं फोडतोय सर. राग बाहेर पडला की मोकळं वाटतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. हा लेख त्या माना डोलावण्यामुळे लिहितो आहे, कारण आपल्यातले बहुतेक सुशिक्षित लोकही हेच मानतात. राग म्हणजे कुकरमधली वाफ आणि शिट्टी झाली की दाब उतरला, अशी ती समजूत.

ती तपासली गेली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं. काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना व्यायामाचा विचार करत, आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवलं. त्या माणसाचा विचार करत ठोसे मारणारे सर्वांत जास्त रागावलेले राहिले आणि नुसतं बसलेले पुढे सर्वांत कमी आक्रमक वागले. २०२४ मध्ये बुशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग कमी होत होता, शरीर तापवणाऱ्यांनी एकूणात होत नव्हता. लाकडं फोडून काकांना दमल्यासारखं वाटत असेल. पण डोक्यात त्या पोराचं तोंड ठेवून कुऱ्हाड चालवली, तर राग तालमीत तयार होतो.

मग शरीर शांत करायचं कसं? इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो, जरा सविस्तर.

आपल्या हृदयाला धडधडायला मेंदूच्या हुकमाची गरज नसते. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो स्वतःच ठोके देतो. त्याला कुणी हात लावला नाही तर तो मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देईल. हृदयप्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी निवांत बसलेला असतानाही नव्वद-शंभर लागते ती यामुळेच. नव्या हृदयाच्या चेता, म्हणजे मेंदूचे संदेश आणणाऱ्या नसा, कापलेल्या असतात. मग तुमची-माझी नाडी सत्तर कशी? कारण मेंदूच्या बुडाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून व्हेगस नावाची चेता निघते, मानेतून खाली हृदयापर्यंत येते आणि त्या पुंजक्याला सतत आवरून धरते. शाळेत शिकलेल्या परानुकंपी, म्हणजे शरीर शांत करणाऱ्या चेतासंस्थेची ही मुख्य तार. म्हणजे निवांत बसलेले असतानाही आपण ब्रेकवर हलका पाय ठेवूनच असतो.

हा ब्रेक कसा लागतो ते ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. प्रयोगाची कल्पना त्यांना झोपेत सुचली असं ते सांगत. द्रवात ठेवलेल्या एका धडधडत्या हृदयाच्या व्हेगसला त्यांनी विजेने चेतवलं, ठोके मंदावले. मग त्या भोवतीचा द्रव घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडला. त्याला चेता जोडलेलीच नव्हती, तरी तेही मंदावलं. म्हणजे चेतेच्या टोकातून काहीतरी रसायन पाझरत होतं. १९२१ साली हे प्रसिद्ध झालं आणि १९३६ मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते पुंजक्यातल्या पेशींमधून पोटॅशियमचे आयन बाहेर जाण्याच्या वाटा उघडतं, पेशी आतून अधिक ऋण होते आणि पुढच्या ठोक्याला लागणारी पातळी गाठायला तिला जास्त वेळ लागतो. शिवाय एक विकर (एन्झाइम) ॲसिटिलकोलीनला लगेच तोडून टाकतं. त्यामुळे हा ब्रेक एका ठोक्याच्या आत लागतो आणि तितक्याच झटकन सुटतो. घाबरवणाऱ्या, म्हणजे अनुकंपी बाजूला मात्र परिणाम दाखवायला काही सेकंद लागतात.

आणि आता श्वास. आपण श्वास आत घेतो तेव्हा मेंदू व्हेगसचे संदेश थोडे रोखतो, नाडी जरा वाढते. श्वास सोडताना संदेश पुन्हा वाहू लागतात, नाडी उतरते. मनगटावर दोन बोटं ठेवा, सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. तरुणांना हा फरक बोटांना स्पष्ट कळतो. त्या दिवशी मावशींपासून वॉर्डनपर्यंत सगळे आपापली नाडी धरून बसले होते, आणि एक मावशी मोठ्यांदा म्हणाल्या, "अगबाई, खरंच की हळू झालं!" उच्छ्वास लांबवला की ब्रेक जास्त वेळ लागलेला राहतो. मनातल्या मनात सेकंदाला एक आकडा या गतीने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पुष्कळ प्रयोगांत याच वेगाच्या आसपास नाडीतला चढउतार सर्वांत मोठा दिसतो.

दीर्घ श्वासाने "ऑक्सिजन जास्त मिळतो" असं सांगणारे खूप भेटतात. निरोगी माणसाच्या धमनीतलं हिमोग्लोबिन आधीच शेकडा ९५ ते ९९ भरलेलं असतं. अजून भरायला जागाच नाही. राग आवरायला बोटात मोती घालणारेही त्या खोलीत दोघं होते. मोत्याचा आणि व्हेगसचा काही संबंध नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या अंगठीचे पैसे घरात लागतात.

या मुलांपुढे मोठ्या माणसाचा चेहरा का महत्त्वाचा, तेही सांगितलं पाहिजे. मानसशास्त्रज्ञ सेथ पोलाक यांच्या अभ्यासात मार खाल्लेल्या मुलांना चेहऱ्यावरचा राग इतरांपेक्षा कमी खुणांवरून ओळखता आला. राग लवकर ओळखणं ही त्यांची जगण्याची गरज होती. तुमच्या भुवया किंचित आवळल्या की अशा मुलाच्या शरीराने बचाव सुरू केलेला असतो. त्यात आपली सीमाभागाची गंमत अशी, की मराठी माणूस "शांत हो" म्हणतो ते कन्नड घरातल्या पोराला परकं वाटतं, आणि तोच "समाधान माडको" म्हणाला की पोरगं वळून बघतं. मराठीत समाधान म्हणजे तृप्ती, कन्नडमध्ये धीर धरणं. शब्द त्याच्या घरातला हवा आणि आवाज खालचा.

श्वासाने सगळं मिटत नाही. ताणात शरीर दोन संप्रेरकं सोडतं. रक्तातलं ॲड्रिनलिन काही मिनिटांत उतरतं, पण कॉर्टिसॉल घटनेनंतर वीस-तीस मिनिटांनी शिखरावर असतं आणि निम्म्यावर यायला त्यापुढे तासभर तरी जातो. भांडण मिटल्यावर लगेच "आता बोल, का केलंस?" म्हणून बसणं म्हणूनच चुकीचं. दोन्ही शरीरं अजून तापलेली असतात. मारामारीनंतर ती हाताळलेल्या कर्मचाऱ्याला अर्धा तास दुसरं काम द्यावं, ही माझी प्रशासनाकडे ठाम मागणी आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८२ नुसार बालसंस्थेत मुलाला शारीरिक शिक्षा करणं गुन्हा आहे. तो असायलाच हवा. पण मारू नका एवढं सांगून माणसाची धडधड थांबत नाही, त्याला अवधी द्यावा लागतो.

आणि सराव शांत असतानाच करावा लागतो. रोज हजेरी झाली की पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. पोरगं अंगावर आल्यावर पहिल्यांदा श्वास मोजायला गेलात तर आकडेही आठवणार नाहीत.

दीड महिन्याने ते रात्रपाळीचे काका बाजारात भेटले. एका पोरानं आमटीचं ताट भिंतीवर मारलं होतं. "तीन श्वास थांबलो सर. चौथ्याला ओरडलो. हात नाही उचलला." त्यांच्याकडे रात्री किती माणसं असतात असं विचारलं. "मी एकटाच की ओ," ते म्हणाले, "मी बाहेर गेलो तर आत कोण?"