शेवटची खुर्ची आणि दोन थ्रेड

लोकलमध्ये उभ्याउभ्या आपण गाणी ऐकतो आणि मेसेजही टाइप करतो. फोन दोन्ही कामं एकदम करतोय असं वाटतं. आजच्या फोनमध्ये अनेक कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात, त्यामुळे ते काही अंशी खरंही आहे. पण कामं कोअरपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम एका कोअरला काही मिलिसेकंदांनी एका कामावरून उठवते आणि दुसऱ्यावर बसवते. उठवताना रजिस्टरमधले, म्हणजे कोअरच्या आतल्या छोट्या कप्प्यांमधले, आकडे जपून ठेवते. ही युक्ती जुनी आहे. १९६१ साली एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांनी ती अनेकांना एकच संगणक वापरता यावा म्हणून करून दाखवली.

प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमची, मेमरी वेगळी असते. एका प्रोसेसमधले थ्रेड, म्हणजे तिच्यात एकदम चालणारी कामं, मात्र तीच मेमरी वापरतात. त्यामुळे त्यांचं काम झपाट्याने होतं, आणि सगळा घोळही तिथेच होतो.

समजा, पार्ल्याच्या दीनानाथला रविवारच्या प्रयोगाची एकच खुर्ची उरली आहे. बोरिवली आणि डोंबिवलीहून दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं, आणि प्रत्येकाचं काम एकेका थ्रेडकडे गेलं. पहिल्या थ्रेडने वाचलं: शिल्लक १. तो तिकीट देणार, तेवढ्यात त्याची पाळी संपली. दुसऱ्यानेही १ वाचला, तिकीट दिलं आणि शिल्लक ० केली. मग पहिला परतला. त्याच्या रजिस्टरमध्ये अजून १ च आहे! त्यानेही तिकीट दिलं, पुन्हा ० लिहिला. खुर्ची एक, तिकिटं दोन, आणि शिल्लक बघावी तर बिनचूक ०.

याला रेस कंडिशन म्हणतात. माझ्या मते प्रोग्रॅमरला सर्वांत जास्त छळणारी चूक हीच. हजार वेळा तपासा, सापडत नाही; शोधायला एखादी ओळ छापायला सांगितली की वेळ बदलते आणि चूक गायब होते.

उपाय म्हणजे कुलूप: वाचण्यापासून लिहिण्यापर्यंत दुसऱ्याला आत येऊ द्यायचं नाही. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच हा प्रश्न नेमका मांडून सोडवला होता. पण कुलपाचेही ताप असतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होऊ लागलं. हवामानाच्या किरकोळ कामाने कुलूप धरून ठेवलं होतं, महत्त्वाचं काम त्यासाठी खोळंबलं होतं, आणि मधल्या दर्जाची कामं त्या किरकोळ कामाला पाळीच मिळू देत नव्हती. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तोच बिघाड घडवून कारण शोधलं आणि एक सेटिंग बदलून पाठवलं: कुलूप हातात असेपर्यंत किरकोळ कामालाही खोळंबलेल्या कामाचाच दर्जा द्यायचा. त्यानंतर रीसेट थांबले.