सोबत वेदनाशामक: 'कॉक्स-२ पॉझिटिव्ह' ठरवायचं कसं?

फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआरची (पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाची) वाट गोळीने बंद केली, तरी गाठीतल्या पेशींना वाढीचा संदेश प्रोस्टाग्लँडिन ई-२मार्फत आडवाटेने मिळू शकतो. हे रसायन बनतं ते कॉक्स-२ या विकरामुळे. मग ईजीएफआर रोखणाऱ्या एर्लोटिनिबसोबत कॉक्स-२ रोखणारं वेदनाशामक सेलेकॉक्सिबही द्यावं, हा विचार २००० नंतरच्या दशकात पुढे आला.

अडचण मात्रेची होती. संधिवाताला सेलेकॉक्सिब दिवसाला २०० ते ४०० मिग्रॅ पुरतं. इथे एर्लोटिनिब १५० मिग्रॅसोबत ६०० मिग्रॅ दिवसातून दोनदा दिलं गेलं. सप्टेंबर २००४मध्ये त्याच गटातलं रोफेकॉक्सिब बाजारातून मागे घेतलं गेलं होतं आणि त्याच डिसेंबरात आतड्यातल्या पॉलिपवरची सेलेकॉक्सिबची चाचणी हृदयाच्या धोक्यामुळे थांबवावी लागली होती, तीही दिवसाला ४०० आणि ८०० मिग्रॅवर. हे पाहता १२०० मिग्रॅ धाडसाचंच म्हणायला हवं. दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत आजार न वाढता गेलेला काळ दोन्ही औषधांवर ५.४ महिने, नुसत्या एर्लोटिनिबवर ३.५, फरक संख्याशास्त्रात टिकला नाही.

खरा वाद रुग्ण निवडायचे कसे, यावर. 'कॉक्स-२ पॉझिटिव्ह' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावला जातो. एक, बायोप्सीच्या तुकड्यावर कॉक्स-२ दाखवणारा रंग. पण तुकडा इवलासा, रंगाची तीव्रता मोजणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून, आणि गाठीतल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही कॉक्स-२ बनवतात. दोन, लघवीतला पीजीई-एम, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई-२ मोडल्यावर उरणारा पदार्थ. तो साऱ्या शरीराचा हिशेब सांगतो, एकट्या गाठीचा नाही, आणि धूम्रपानानेही वाढतो. एका चाचणीत आधी पाच दिवस ॲप्रिकॉक्सिब हे दुसरं कॉक्स-२ रोधक देऊन ज्यांचा पीजीई-एम निम्म्यावर आला, त्यांनाच पुढे घेतलं. तरी एकूण फायदा दिसला नाही. रंग पाहून निवडलेल्यांना केमोसोबत सेलेकॉक्सिब दिलं, तिथेही २०१७मध्ये निकाल नकारात्मकच. म्हणजे निवडीची दोन्ही मापं लंगडी. औषधावर मात्र ठपका लवकर बसला.

ओसिमर्टिनिब या ईजीएफआरवरच्या नव्या गोळीसोबत ॲस्पिरिनची चर्चा नंतरची आणि मागाहून चाळलेल्या नोंदींवर जास्त उभी. तिला कॉक्स-२च्या खात्यात घालणं घाईचं: ७५ ते १०० मिग्रॅ ॲस्पिरिन मुख्यतः प्लेटलेटमधलं (रक्त गोठवणाऱ्या कणांतलं) कॉक्स-१ हे भावंड विकर कायमचं बंद करतं. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने नवं विकर बनत नाही. गाठीतली पेशी ते पुन्हा बनवते.

व्यवहारात घोळ पोटापासून सुरू होतो. एर्लोटिनिबसोबत वेदनाशामक घेतलं, की जठर-आतड्यातून रक्तस्राव आणि छिद्र पडण्याचा धोका वाढतो. म्हणून ॲसिडिटीची गोळी जोडावी, तर ओमेप्रॅझोलमुळे शोषलं जाणारं एर्लोटिनिब जवळपास निम्म्यावर येतं. ओसिमर्टिनिबला ही अडचण नाही. तिथे लक्ष ठेवावं लागतं ते प्लेटलेटच्या घटत्या संख्येवर, कारण सोबत ॲस्पिरिन असलं की रक्त सहज थांबत नाही.