११०–३: फोर्कलिफ्टचा कोड नेमकं काय सांगतो?

मे महिन्यात बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि शेडमधल्या फोर्कलिफ्टचं इंजिन तर हात लावू देत नाही. अशा गाडीला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा आणि इंजिनच्या पाण्याचं तापमान दिसावं उणे ४० अंश! सोबत ११०–३ हा कोड. फिटर लगेच म्हणतो, "साहेब, टेम्परेचरचा सेन्सर गेला, नवा मागवा." गेलाही असेल. कोड मात्र तसं म्हणत नाही.

बऱ्याच औद्योगिक इंजिनांत कोड देण्याची जे१९३९ ही पद्धत असते. तिच्यात पहिला आकडा कशाबद्दल बोलायचं ते सांगतो. ११० म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान. दुसरा आकडा बिघाडाची जात सांगतो. ३ म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. म्हणजे ११०–३ चा अर्थ इतकाच, की या वायरवर व्होल्टेज जास्त दिसतंय. घाईत सगळे पहिला आकडा वाचतात, पण खरी माहिती दुसऱ्यात असते.

व्होल्टेज जास्त का दिसतं? हा सेन्सर म्हणजे तापला की रोध (रेझिस्टन्स) कमी होणारा थर्मिस्टर. एका नेहमीच्या प्रकारात २० अंशांना रोध साधारण अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. (हा उलटा गुण मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता.) इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आपल्या पोटातल्या एका रोधातून ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सरपाशी किती उरले ते मोजतो. सेन्सर गार असेल तर जास्त उरतात, तापला की कमी. वायर तुटली, पिन गंजली किंवा प्लग सैल झाला तर जवळपास पूर्ण ५ व्होल्ट उरतात. ईसीयूच्या हिशेबात तो आकडा भयंकर थंडीचा असतो. उणे ४० येतं ते तिथून.

मग सेन्सर गेला की वायर, हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. चावी बंद करून सेन्सरचा प्लग काढा, वायरिंगकडच्या दोन्ही पिना एका छोट्या तारेने जोडा आणि चावी ऑन करा. आता कोड ३ चा ४ झाला, स्कॅनरवर तापमान एकदम वर गेलं, तर वायर आणि ईसीयू दोन्ही ठणठणीत. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांमध्ये. काहीच बदललं नाही तर नव्या सेन्सरचे पैसे वाचले, वायर तपासा. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरला. तीन वायरींच्या सेन्सरवर करू नका, तिथे ५ व्होल्टची लाइन शॉर्ट होईल.

त्या लाइनचं दुखणं वेगळंच. पॅडल, थ्रॉटल, हवेचा दाब असे अनेक सेन्सर पुष्कळदा एकाच ५ व्होल्टवर चालतात. एकाच टाकीवरच्या नळांपैकी एक फुटला की बाकीचे कोरडे पडतात, तसं एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की चार-पाच कोड एकदम येतात. माझ्या मते एकदम आलेल्या पाच कोडांना पाच बिघाड समजणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे. एकेक सेन्सरचा प्लग काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार.

आता इग्निशन, म्हणजे ठिणगीचं काम. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे हे गॅस आणि पेट्रोलच्या गाड्यांपुरतं. मकरपुऱ्यात मराठी ऑपरेटरही सरळ गुजरातीत सांगतो, "करंट नथी आवतो," म्हणजे करंट येत नाही. सकाळी गाडी झकास चालते, दुपारी तापून बंद पडते आणि अर्ध्या तासाने गुमान सुरू होते, असं असेल तर ठिणगीचं व्होल्टेज देणारी कॉइल बदलण्याआधी क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा फिरतोय का ते सांगणारा सेन्सर, पाहा. त्यातली बारीक तांब्याची तार कुठे चिरलेली असेल तर तापल्यावर ती फाकते, गार झाल्यावर पुन्हा टेकते. क्रँक फिरतोय हेच ईसीयूला कळलं नाही तर तो स्पार्कही देत नाही आणि गॅसही. वळणदार तारेच्या या जुन्या प्रकाराचा रोध गाडी गरम असतानाच मोजा; गार झाल्यावर मीटर त्याला निर्दोष ठरवतो. आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या हॉल प्रकाराच्या सेन्सरला मात्र ओहममीटरचा उपयोग नाही.

रिकामी गाडी नीट चालते आणि माल उचलताना अडखळते, याचं उत्तर फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्ये दिलेल्या नियमात आहे. ठिणगीला लागणारं व्होल्टेज फटीची रुंदी आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठरतं. उघड्या हवेत एक मिलिमीटरला साधारण ३ हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याच्या काही पट लागतात, आणि लोड आला की आणखी. प्लगची फट झिजून वाढली असेल तर दमलेली कॉइल तिथे हरते, किंवा करंट तडा गेलेल्या वायरीतून बाहेरच इंजिनवर उतरतो. म्हणून प्लग काढून इंजिनला टेकवून "स्पार्क आहे की!" म्हणण्यात फार अर्थ नाही. शिवाय गॅसच्या गाडीवर ते धोक्याचं आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. आधी गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस संपवा, गाडी मोकळ्या हवेत घ्या आणि इंजिनमधल्या दाबाचा फरक भरून काढणारा, मोठ्या फटीचा स्पार्क टेस्टर वापरा.