नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटी : परस्परसंबंध

एक लिटर द्रावणात द्राव्याचे किती मोल आहेत हे मोलॅरिटी सांगते, तर त्याच एका लिटरात किती ग्रॅम-सममूल्य आहेत हे नॉर्मॅलिटी, म्हणजेच प्रसामान्यता, सांगते. दोन्हींना जोडणारे सूत्र असे :

नॉर्मॅलिटी = मोलॅरिटी × एन-घटक

पदार्थाचा एक मोल त्या अभिक्रियेत जितके मोल हायड्रोजन आयन किंवा इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो, ती संख्या म्हणजे एन-घटक. रेणुभाराला तिने भागले की सममूल्यभार मिळतो; तितके ग्रॅम म्हणजे एक ग्रॅम-सममूल्य. हायड्रोक्लोरिक आम्लासाठी ती १ असल्याने दोन्ही आकडे सारखेच येतात. पूर्ण उदासिनीकरणात सल्फ्युरिक आम्लासाठी ती २, म्हणून १ मोलर सल्फ्युरिक आम्ल २ नॉर्मल असते.

व्याख्येतले ‘त्या अभिक्रियेत’ हे शब्द नजरेआड झाले की गणित चुकते. एन-घटक बाटलीतल्या पदार्थाला कायमचा चिकटलेला नसतो. फॉस्फोरिक आम्लाचे अनुमापन (ज्ञात संहतीचे द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्याची संहती मोजणे) मिथिल ऑरेंज हा दर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ, वापरून केले तर तो १ धरावा लागतो आणि फिनॉल्फ्थॅलीन वापरून केले तर २. पोटॅशियम परमँगनेटचा तो आम्लधर्मी माध्यमात ५, उदासीन माध्यमात ३ आणि तीव्र अल्कधर्मी माध्यमात १ असतो. त्यामुळे आम्लधर्मी कामासाठी ‘०.१ नॉर्मल’ अशी चिठ्ठी लावलेले परमँगनेट उदासीन माध्यमात वापरले, तर प्रत्यक्षात ते ०.०६ नॉर्मलच ठरते. त्याची मोलॅरिटी मात्र दोन्हीकडे ०.०२ राहते. म्हणून चिठ्ठीवर मोलॅरिटी लिहावी. नॉर्मॅलिटीच लिहायची तर सोबत माध्यमही लिहावे.

नॉर्मॅलिटीचा खरा फायदा अनुमापनात दिसतो. सममूल्य नेहमी १:१ प्रमाणातच संपतात, म्हणून न१ × आ१ = न२ × आ२ एवढ्यावर भागते (न म्हणजे नॉर्मॅलिटी, आ म्हणजे आकारमान). स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्लाचा रेणुभार १२६.०७ आणि सममूल्यभार ६३.०३, म्हणून ६.३० ग्रॅम आम्लाचे एक लिटर द्रावण ०.१ नॉर्मल होते. त्याच्या २० मिलिलिटरना ०.१ नॉर्मल परमँगनेट २० मिलिलिटरच लागते. मोलॅरिटीने पडताळले तर ०.०५ मोलर आम्लाचे २० मिलिलिटर म्हणजे १ मिलिमोल. अभिक्रियेत २ मोल परमँगनेटला ५ मोल आम्ल लागते, म्हणून ०.४ मिलिमोल परमँगनेट पुरते. ०.०२ मोलर द्रावणाच्या २० मिलिलिटरमध्ये ते नेमके तेवढेच असते.

हेच अनुमापन करताना सौम्य सल्फ्युरिक आम्ल भरपूर घालून द्रावण सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. आम्ल कमी पडले तर शंकुपात्रात मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो. काही परमँगनेट ५ ऐवजी ३ इलेक्ट्रॉन घेऊन थांबते आणि ब्युरेटचे वाचन नाहक वाढते. हायड्रोक्लोरिक आम्ल तर वापरूच नये, कारण परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते.

वजन करताना स्फटिकजल विसरणे ही नेहमीची चूक. निर्जल ऑक्झॅलिक आम्लाचा सममूल्यभार ४५ धरून स्फटिकरूप आम्ल ४.५ ग्रॅम घेतले, तर द्रावण ०.१ ऐवजी सुमारे ०.०७१ नॉर्मल होते. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे त्याची नॉर्मॅलिटी वजनावरून न ठरवता मानक आम्लाशी अनुमापन करूनच ठरवावी.

९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल सुमारे १८.४ मोलर, म्हणजे ३६.८ नॉर्मल असते. १ नॉर्मल द्रावणाच्या एका लिटरसाठी त्याचे २७.२ मिलिलिटर पुरतात. आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. मिश्रण खोलीच्या तापमानाला आल्यावरच खुणेपर्यंत पाणी भरावे. गरम असतानाच भरले तर थंड झाल्यावर पातळी खुणेखाली उतरते आणि संहती ठरल्यापेक्षा जास्त निघते.