जुने डोमेन शोध-निकालांतून काढताना: ग्राहकांसाठी माहिती

१ नोव्हेंबर २०१४ पासून शासकीय व्यवहारात बेळगावचे ‘बेळगावी’ झाले. त्यानंतर ज्यांच्या डोमेनमध्ये (संकेतस्थळाच्या पत्त्यातील नावात) गावाच्या नावाचे जुने इंग्रजी स्पेलिंग होते, अशा काही व्यावसायिकांनी नवे डोमेन घेतले. काहींचे डोमेन भागीदारी फर्मची प्रायव्हेट लिमिटेड झाल्यामुळे बदलले, तर काहींचे भावाभावांत वाटण्या झाल्यामुळे. कारण कोणतेही असो, आमच्याकडे येणारी मागणी बहुधा एकच असते: ‘गूगलवर अजून जुनेच नाव येते, ते काढून टाका.’ हे काम होण्यासारखे आहे. मात्र त्यातील पायऱ्यांचा क्रम चुकला तर जुने नाव जात नाही आणि नवेही वर येत नाही.

नवे संकेतस्थळ सुरू झाले की जुन्याचे होस्टिंग त्याच दिवशी बंद करण्याची घाई कृपया करू नये. समजा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीच्या जुन्या पत्त्याला इतर संकेतस्थळांनी आणि पुरवठादारांच्या याद्यांनी वर्षानुवर्षे दुवे दिलेले आहेत. जुने संकेतस्थळ बंद पडताच ते सगळे दुवे तुटतात आणि त्यांतून कमावलेली पत नव्या पत्त्याकडे येत नाही. यावरचा खरा उपाय म्हणजे कायमचा रिडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी व्यवस्था, जिला तांत्रिक भाषेत ३०१ म्हणतात. जुन्या संकेतस्थळावरील पंपाच्या कास्टिंगचे पान नव्या संकेतस्थळावरील त्याच कास्टिंगच्या पानाकडे, आणि मराठी व कन्नड पाने आपापल्या भाषेतील पानांकडे वळवली पाहिजेत. सगळी पाने सरसकट नव्या मुखपृष्ठावर वळवली, तर गूगल त्यांतील बरीचशी पाने अस्तित्वातच नाहीत असे समजते. जुन्या डोमेनचे एसएसएल प्रमाणपत्रही (जोडणी सुरक्षित असल्याचे ब्राउझरला दाखवणारे) चालू ठेवावे लागते, कारण ते संपले की ग्राहकाला नव्या पत्त्यावर पोहोचण्याआधीच ब्राउझरची धोक्याची सूचना दिसते आणि तो तिथूनच परत फिरतो.

रिडायरेक्ट लागल्यावर गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या गूगलच्या सोयीत दोन्ही डोमेनची मालकी सिद्ध करून पत्ताबदलाची सूचना द्यायची असते. हे रिडायरेक्ट किमान एक वर्ष राहू द्यावेत असे गूगलच सांगते. आमच्या मते डोमेन हातात आहे तोवर ते काढूच नयेत. या काळात कोणी मुद्दाम जुन्या डोमेनचे नाव टाकून शोधले, तर काही जुने पत्ते बराच काळ दिसत राहतात. नेहमीच्या शोधात नवा पत्ता येत असेल, तर त्याची चिंता करू नये.

सर्वांत जास्त गैरसमज रोबोट्स फाइलबद्दल, म्हणजे शोधयंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरील फाइलबद्दल आहे. त्या फाइलमध्ये जुन्या संकेतस्थळाला मनाई केली की ते निकालांतून जाईल, असे अनेकांना वाटते; सुरुवातीच्या काळात एका ग्राहकासाठी आम्हीही असेच केले होते आणि त्यांचे कित्येक महिने वाया गेले, याची आम्हाला आजही खंत आहे. ती फाइल फक्त पान वाचण्यास मनाई करते. गूगलला पान वाचताच आले नाही, तर त्यावरचा रिडायरेक्ट किंवा ‘नोइंडेक्स’ची (हे पान निकालांत दाखवू नये, अशी) सूचनाही त्याला दिसत नाही, आणि पत्ता वर्णनाशिवाय निकालांत तसाच पडून राहतो.

सर्च कन्सोलमधील ‘रिमूव्हल्स’ ही सोय बहुधा दिवसभरात काम करते, म्हणून ती मोहात पाडते. परंतु ती पत्ता पुसत नाही, सुमारे सहा महिने झाकून ठेवते. तेवढ्यात मूळ पान हटवले नसेल किंवा त्यावर नोइंडेक्स लावले नसेल, तर ते पुन्हा दिसू लागते. गोपनीय दरपत्रक चुकून उघडे पडले असेल, अशा वेळी ही सोय जरूर वापरावी. डोमेन बदलताना वापरू नये. व्यवसायच बंद झाला असेल आणि नवे डोमेन नसेल, तर पाने ‘४१०’, म्हणजे कायमची काढली, असे उत्तर देतील अशी व्यवस्था आम्ही करून देतो. बिंगसाठी त्यांच्या वेबमास्टर टूल्समध्ये वेगळी नोंदणी लागते.

या सगळ्यासाठी डोमेनचे खाते आपल्या ताब्यात हवे. जमीन घेताना आपण उताऱ्यावर नाव कोणाचे आहे ते पाहतो. डोमेनच्या बाबतीत मात्र ते पूर्वीच्या डिझायनरच्या किंवा पुण्याला गेलेल्या पुतण्याच्या खात्यावर असल्याचे आयत्या वेळी कळते. आम्हाला भेटण्यापूर्वी तेवढे तपासून यावे.

जुन्या डोमेनचे नूतनीकरणही चुकवू नये. मुदत संपून सवलतीचा काळ उलटला की ते कोणीही विकत घेऊ शकतो, आणि नव्या मालकाला त्या डोमेनवरचे ईमेल स्वतःकडे घेता येतात. बँक, जीएसटी किंवा उद्यम नोंदणीत जुना ईमेल दिलेला असेल, तर पासवर्ड बदलण्याचे दुवे परक्याच्या हाती पडतील. म्हणून आधी त्या सर्व ठिकाणी नवा ईमेल नोंदवावा, आणि तरीही जुन्या डोमेनची वार्षिक फी भरत राहावी.