ख्रिस्ती श्रद्धेचे दैनंदिन आचरण

ख्रिस्ती श्रद्धेचे दैनंदिन आचरण : येशू ख्रिस्तावरील विश्वास उपासनेच्या वेळेपुरता न ठेवता घर, कामधंदा, देणेघेणे, बोलणेचालणे आणि शेजाऱ्याची गरज अशा रोजच्या गोष्टींत उतरवण्याची ख्रिस्ती जीवनरीत. तिच्यात पैसा कसा मिळवायचा आणि कशावर खर्चायचा, कोणाविषयी काय बोलायचे, वेळ कोणाला द्यायचा यांसारखे निर्णय येतात, आणि कोणाच्या नजरेत न भरणारी बारीकसारीक सेवाही येते. रुग्णालये, अनाथालये, शाळा अशा संस्थात्मक सेवाकार्याची नोंद इतिहासाने ठळकपणे घेतली आहे. पण सामान्य श्रद्धावंतांनी रोज चालवलेले हे आचरण त्या संस्थांहून जुने आहे आणि त्यांचे मूळही त्यातच आहे.

या आचरणाचा सर्वांत ठाशीव आधार बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या (येशूचे जीवन व शिकवण सांगणाऱ्या ग्रंथाच्या) 25व्या अध्यायात सापडतो. अखेरच्या न्यायाच्या त्या वर्णनात भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र देणे, आजाऱ्याचा समाचार घेणे आणि बंदिवानाला भेटणे ही सहा साधी कृत्ये मोजली जातात, आणि ती ज्यांच्यासाठी केली त्यांच्या रूपाने प्रत्यक्ष आपल्यासाठीच केली, असे ख्रिस्त सांगतो. पुढील परंपरेने मृतांना मूठमाती देण्याचे सातवे कृत्य त्यांत घातले. या उताऱ्यातील एक तपशील मात्र वाचताना सहज निसटतो. ज्यांची प्रशंसा होते ते चकित होतात. प्रभू, तुला आम्ही उपाशी केव्हा पाहिले, असे विचारतात. त्यांनी आपल्या सेवेचा हिशेब ठेवलेलाच नव्हता. ज्यांना दोष दिला जातो त्यांनीही कोणाचा घात केलेला नसतो. जे समोर होते ते त्यांनी केले नाही, एवढाच त्यांच्यावरील आरोप आहे.

वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या (शोमरोन प्रांतातील माणसाच्या) दाखल्यातही, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेत, दया म्हणजे नेमके काय, हे कृतींच्या क्रमाने सांगितले आहे. तो प्रवासी जवळ जातो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेऊन रात्री त्याची शुश्रूषा करतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे वचन देतो. या साऱ्यात असामान्य सामर्थ्य लागेल असे काहीच नाही. लागतो तो वेळ, थोडा पैसा आणि ठरलेला प्रवास खोळंबू देण्याची तयारी. गरीब विधवेने दान केलेली दोन नाणी, शिष्याला दिलेले प्यालाभर गार पाणी, शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने धुतलेले शिष्यांचे पाय हे उल्लेखही याच दिशेने बोट दाखवतात. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस या शिष्येची हकिकत येते. ती वारल्यावर विधवा रडत येशूचा शिष्य पेत्र याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिने जिवंतपणी शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवतात.

ही कृत्ये तारणाचे मोल नव्हेत, याविषयी ख्रिस्ती शिकवण स्पष्ट आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण कृपेने व विश्वासाद्वारे होते, कर्मांनी नव्हे, असे सांगून लगेच पुढे म्हटले आहे की, माणूस सत्कृत्यांसाठीच निर्माण झालेला आहे. तर याकोबाच्या पत्रानुसार कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव होय. उघड्यानागड्या, उपाशी बंधूला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ असे म्हणून काहीच न देणाऱ्याचे उदाहरण याकोब देतो, आणि धार्मिक भाषेच्या आड लपलेल्या बेपर्वाईवर इतके थेट बोट क्वचितच कोणी ठेवले असेल. विश्वास आणि कर्म यांच्या नात्यावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडील ख्रिस्ती जग दुभंगले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. देव माणसाला कृपेनेच स्वीकारतो आणि सत्कृत्ये ही त्या स्वीकाराची फळे आहेत, ही भूमिका त्यात दोन्ही बाजूंनी मान्य केली.

आरंभीच्या मंडळ्यांमध्ये (ख्रिस्ती श्रद्धावंतांच्या स्थानिक समुदायांमध्ये) ही सेवा आठवड्याच्या उपासनेला जोडलेली होती. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहिले आहे की, रविवारी जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि मुक्कामाला आलेले परके यांच्यासाठी वापरले जाई. टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने सुमारे 197 मध्ये वर्णिलेला सामायिक निधी ऐच्छिक होता. प्रत्येक जण महिन्यातून एकदा जमेल तेवढे टाकी आणि त्यातून गरिबांचे दफन, अनाथांचे पोषण, म्हाताऱ्या सेवकांचा सांभाळ होई. ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक असलेल्या रोमन सम्राट ज्युलियननेही 362 च्या सुमारास जुन्या रोमन धर्माच्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात, हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, अशी खंत व्यक्त केली. विरोधकाच्या लेखणीतून उतरलेली ही साक्ष कोणत्याही स्तुतीपेक्षा वजनदार आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात बिशप बॅसिलने सीझरिया (आजच्या तुर्कस्तानात) शहराबाहेर आजारी व निराधारांसाठी मोठी वसाहत उभारली, तर योहान क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने आपल्या प्रवचनांत बजावले की, मंदिरात ख्रिस्ताला रेशमी वस्त्रांनी सजवायचे आणि बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हा त्याचा सन्मान नव्हे.

सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमांनी हाच विचार स्वयंपाकघरापर्यंत नेला. मठवासी आठवड्याच्या पाळीने स्वयंपाक व वाढप करीत. पाळी संपताना शनिवारी पंचे धुऊन, सर्वांचे पाय धुऊन, भांडी स्वच्छ व शाबूत परत करावीत असा नियम होता, आणि कोठारप्रमुखाने मठातील प्रत्येक वस्तू वेदीवरील पात्रांच्या बरोबरीची मानावी, अशी सूचना होती. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन लूथरने मठाची भिंत ओलांडून तोच मान संसाराला दिला. 1522 मध्ये विवाहावर लिहिताना तो बाळाची लंगोटी धुणाऱ्या बापाचे उदाहरण घेतो : लोक त्याला हसतील, पण तो ते काम श्रद्धेने करत असेल तर देव आपल्या दूतांसह आनंदाने हसतो. चांभार, लोहार, शेतकरी यांचे काम धर्मगुरूच्या कामाहून हलके नाही, ही त्याची मांडणी पुढील प्रोटेस्टंट नीतिविचाराचा पाया ठरली.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेल या कॅथलिक संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स (मृत्यू 1691) यांना स्वयंपाकघरात काम मिळाले. त्यांना या कामाची मुळात नावड होती, तरी अनेक वर्षे त्यांनी ते केले आणि पुढे ते मठवासीयांच्या चपला दुरुस्त करीत राहिले. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्याला फरक जाणवत नाही, जमिनीवरची काडी उचलणेही देवाच्या प्रेमासाठी होऊ शकते, असे ते सांगत. त्याच शतकात व्हिन्सेंट द पॉल आणि लुईस द मारियाक यांनी 1633 मध्ये सुरू केलेल्या भगिनीसंघात शहराचे रस्ते हाच मठ मानून घरोघरी आजाऱ्यांची सेवा करण्याची पद्धत रूढ झाली.

या विषयावर सर्वांत बारकाईने लिहिणारी व्यक्ती म्हणजे लिझ्यू येथील संत तेरेजा (1873–1897). पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेलेली ही तरुणी चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तिच्या आत्मकथनात पराक्रमाचा एकही प्रसंग नाही, आणि म्हणूनच ते मोलाचे आहे. एका वृद्ध, आजारी आणि सतत कुरकुरणाऱ्या भगिनीला रोज संध्याकाळी प्रार्थनेहून भोजनगृहात नेण्याचे काम तिने मागून घेतले. बाक ठरावीक रीतीनेच हलवायचे, मागून तिचा पट्टा धरून चालायचे. पाऊल जरा अडखळले तर ‘फार घाई करतेस’, आणि हळू चालावे तर ‘तुझा हात लागत नाही, मी पडेन’, अशी बोलणी ऐकायची. जागेवर बसवल्यावर तिच्या बाह्या तिला हव्या तशाच दुमडून द्यायच्या. तिला पाव कापायला त्रास होतो, हे काही दिवसांनी तेरेजाच्या ध्यानात आले. मग निघण्यापूर्वी ती तो कापून देऊ लागली, आणि कोणी न सांगता केलेल्या या कामाने त्या भगिनीचे मन जिंकले. कपडे धुताना समोरच्या भगिनीकडून तोंडावर घाण पाणी उडे, तेव्हा मागे सरून चेहरा पुसण्याचा मोह तिने आवरला, हेही तिने नोंदवले आहे. सेवेतली खरी कसोटी कष्टांपेक्षा चिडचिड गिळण्यात असते, हे जाणणाऱ्या कोणालाही या नोंदी क्षुल्लक वाटणार नाहीत. 1997 मध्ये कॅथलिक चर्चने तिला धर्माचार्य (डॉक्टर ऑफ द चर्च) ही पदवी दिली.

छोटी कृत्ये मोठ्या अन्यायाकडे डोळेझाक करायला शिकवतात, हा आक्षेप गंभीर आहे, आणि काही मंडळ्यांच्या बाबतीत तो खराही ठरला आहे. पण क्वेकर या प्रोटेस्टंट पंथातील जॉन वुलमन (1720–1772) यांचे जीवन त्याला उत्तर देते. न्यू जर्सीत नोकरी करताना मालकाने त्यांना एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहायला सांगितले. त्यांनी ते लिहिले, पण मनाला टोचणी लागली, आणि नंतर असे कागद लिहिण्यास ते नकार देऊ लागले. पुढे शिंपीकाम करणाऱ्या वुलमन यांनी भरभराटीला आलेला आपला दुकानाचा व्यापार मुद्दाम कमी केला, रंगवलेले कपडे सोडले, गुलामांच्या श्रमातून येणारी साखर टाळली, आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी मुक्काम पडला तर त्या गुलामांच्या सेवेचे पैसे चुकते केले. ते घरोघरी जाऊन सौम्यपणे बोलत राहिले. फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने 1776 मध्ये सदस्यांना गुलाम बाळगण्यास मनाई केली, त्यामागे अशाच संयमी प्रयत्नांची दोन दशके होती. ब्रिटनच्या संसदेने 1791 मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा असंख्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली. चहात काय घालायचे, हा त्या घरांत श्रद्धेचा प्रश्न झाला होता.

विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी सहजीवनावरील 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ऐकून घेणे ही पहिली सेवा मानली. त्यानंतर त्यांनी किरकोळ कामांतील मदतीला स्थान दिले आणि देव माणसांच्या रूपाने आपल्या कामात व्यत्यय आणतो तेव्हा तो स्वीकारावा, असे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांविषयी लिहिले. मुलांना प्रेमाने वाढवणारे आईवडील, घरासाठी राबणारे कष्टकरी, आजारी माणसे, हसू न हरवलेले वृद्ध धर्मव्रती ही त्यांची उदाहरणे होती.

आचरणाच्या पद्धती पंथापंथांत निरनिराळ्या असल्या, तरी काही सवयी सर्वत्र आढळतात. अनेक श्रद्धावंत रात्री दिवसाचे परीक्षण करतात. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनेत त्याला ठरलेली रीत आहे, ज्यात प्रथम उपकारस्मरण, मग दिवसभरातील बोलणे-वागणे तपासणे, क्षमायाचना आणि उद्यासाठीचा निश्चय येतो. उत्पन्नाचा ठरावीक भाग खर्चाआधीच बाजूला काढणे, एकट्या माणसाकडे नियमित जाणे, निंदेच्या गप्पांत भर न घालणे, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी स्वतःहून बोलणे, कामावर खोटा हिशेब न देणे, मोबदला देताना टाळाटाळ न करणे हेही त्यात येते. दान गुप्त ठेवावे, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही डोंगरावरील प्रवचनातील आज्ञा या सर्वांना लागू होते आणि पाळायला बहुधा सर्वांत कठीण जाते.

या आचरणाला विकृती जडण्याचा धोकाही आहे. मदत घेणाऱ्याला ती उपकार म्हणून जाणवून दिली, तर तिच्यातून अपमानच पोहोचतो. कुटुंबात सेवेचा सगळा भार स्त्रियांवर टाकून त्याला त्यांची भक्ती म्हणणे, किंवा थकलेल्या माणसाला विश्रांती हा दोष वाटायला लावणे, हा सुवार्तेचा आधार घेऊन केलेला अन्याय आहे. येशू स्वतः गर्दीतून निघून एकांतात जाई, असे शुभवर्तमाने सांगतात. सेवा घेण्याची नम्रताही या आचरणात अपेक्षित आहे. पाय धुण्याच्या प्रसंगी पेत्र आधी साफ नकार देतो, आणि मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असे येशू त्याला सांगतो. आयुष्यभर इतरांसाठी झिजलेल्या माणसांना म्हातारपणी किंवा आजारपणात दुसऱ्याच्या हातून अन्न घेणे जड जाते, हा शुश्रूषा करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव असतो. म्हणून आजाऱ्यांसोबत प्रार्थना करणारे अनेक पाळक पेत्राचा हा उतारा मुद्दाम वाचून दाखवतात.