धूर कुठला आणि व्हेपर कुठला? किनाऱ्यावरून लढाऊ विमानं बघताना

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ च्या युद्धात आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला चढवला, त्याची ही आठवण. २०२३ साली हा दिवस सिंधुदुर्गात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला आणि विमानांचं वेड असलेल्या आम्हां कोकणातल्या मंडळींना घरच्या वाळूत उभं राहून नौदलाचं मिग-२९के हे लढाऊ विमान बघायला मिळालं. पुढे २०२४ ला हा मान पुरीला मिळाला, २०२५ ला तिरुवनंतपुरमला. आता तो परत आपल्या किनाऱ्यावर कधी येतो, याकडे आमचे डोळे लागले आहेत. तोवर एका गोष्टीबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. ती नीट ठाऊक असेल तर पुढच्या वेळी तुम्हाला त्याच आकाशात दुप्पट दिसेल.

त्या वर्षी सरावाच्या दिवसांत एका संध्याकाळी आम्ही मालवणच्या किनाऱ्यावर उभे होतो. एक राखाडी विमान किल्ल्याच्या बाजूने आलं, एका अंगावर कलंडलं आणि खोल समुद्राकडे वळलं. वळताक्षणी त्याच्या पाठीवर पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी पांढरं उमटलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीसंही झालं. शेजारी उभ्या असलेल्या एक आजी घाबरून म्हणाल्या, "इंजिनाक आग लागली काय रे?" त्यांचा नातू म्हणाला, "नाय गे आजी, धूर सोडल्यान. शो आसा ना."

आग नव्हती, आणि धूरही नव्हता. ते पंखावर क्षणभर धरलेलं धुकं होतं. विमानं बघणारे त्याला 'व्हेपर' म्हणतात. खरं तर पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते तिचे झालेले बारीक थेंब, म्हणजे ढगच. पण हा शब्द आता रुळला आहे, तेव्हा मीही तोच वापरतो.

आधी धुराचं बघू, कारण त्याचं गणित सोपं आहे. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या पथकाची विमानं मागे जे पांढरे पट्टे सोडतात, ते वैमानिकाने बटण दाबून सोडलेले असतात. डिझेलसारखं हलकं तेल इंजिनामागच्या तापलेल्या झोतात सोडतात. तिथे त्याची लगेच वाफ होते आणि बाहेरची गार हवा लागली की त्या वाफेचे असंख्य बारीक थेंब बनतात. बिडाच्या तव्यावर आंबोळी घालायच्या आधी नारळाच्या शेंडीने तेल फिरवतात, तेव्हा तव्यावरून जो पांढरा धूर उठतो, तो आठवा. त्यातलं बरंचसं तेल जळालेलं नसतं. ते वाफ होऊन उडतं आणि वर गेल्यावर पुन्हा थेंब होतं. शोचा धूर म्हणजे हेच, फक्त तवा ताशी कित्येकशे किलोमीटर वेगाने पळत असतो. तेलात रंग मिसळला की धूरही रंगीत होतो. सूर्यकिरणच्या हॉक विमानांना आता नाशिकच्या हवाई दलाच्या डेपोत तयार झालेले स्मोक पॉड, म्हणजे धुराच्या नळकांड्या, लावतात आणि त्यातून केशरी, पांढरा, हिरवा असे तिन्ही रंग निघतात. १९९६ साली बिदरला हे पथक उभं राहिलं, तेव्हा त्यांच्याकडे किरण जातीची प्रशिक्षण विमानं होती. आजच्या हॉकवरचा तिरंगा बघताना ही वाटचाल आठवली की ऊर भरून येतो.

हा धूर नुसत्या शोभेसाठी नसतो. समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडून जाणाऱ्या दोन वैमानिकांना समोरचं विमान वेळेत दिसावं, यासाठी तो फार मोलाचा आहे. लहानसं विमान समोरून येत असेल तर आकाशात ठिपक्याएवढं दिसतं. त्यामागचा पट्टा मात्र लांबूनही ओळखू येतो. वारा कुठे वाहतोय, हेही तो पट्टाच सांगतो.

व्हेपरला कुठलंही बटण नसतं. वैमानिकाने ठरवून तो निघत नाही. विमान जोरात वळतं तेव्हा पंखाच्या वरच्या बाजूचा हवेचा दाब एकदम खाली येतो. दाब उतरला की हवा फुगते आणि फुगताना गार होते. पुरेशी गार झाली की तिच्यातल्या पाण्याचे थेंब होतात. गोटी सोड्याची गोटी आत दाबली की बाटलीच्या मानेत क्षणभर धुकं धरतं, ते याच कारणाने. आत कोंडलेला दाब एका झटक्यात सुटतो, मानेतली हवा गारठते आणि त्या इवल्याशा जागेत ढग होतो. पुढच्या वेळी नीट बघा. सोडा बर्फात ठेवलेला असेल तर हमखास दिसतं. पंखावरचा ढगही तसाच जिथल्या तिथे जन्मतो आणि विरतो. पंखाच्या मागे जाताच हवेचा दाब पूर्ववत होतो, हवा पुन्हा गरम होते, थेंब आटतात. म्हणून व्हेपर विमानाला चिकटून असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्यातली हवा क्षणाक्षणाला नवी असते.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. हे मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंगळूरजवळ येलहंकाला एरो इंडिया हा विमानांचा मोठा शो फेब्रुवारीत भरतो. तिथल्या दुपारी तापमान ३० अंश आणि आर्द्रता ३० टक्के धरली, तर हवेतल्या पाण्याचे थेंब व्हायला ती जवळजवळ १०-११ अंशांपर्यंत गार व्हावी लागते. कोकणच्या किनाऱ्यावर तेच ३० अंश, पण आर्द्रता ८० टक्के असेल तर २६ अंशांच्या आसपास पोचलं तरी पुरतं. दाबाच्या भाषेत सांगायचं तर येलहंकाला हवेचा दाब २० टक्क्यांहून जास्त उतरावा लागतो, आपल्याकडे ५ ते ६ टक्के उतरला तरी काम होतं.

हे आकडे विमानाला लावून बघू. लढाऊ विमान सरळ उडत असतं तेव्हा पंखाच्या दर चौरस मीटरवर ढोबळमानाने ४०० किलोचा भार असतो. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला १०,००० किलोहून थोडा जास्त. म्हणजे पंखाच्या वरच्या आणि खालच्या दाबात सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास फरक. वैमानिकाने ६ जीचं वळण घेतलं की पंखाला सहापट भार उचलावा लागतो आणि हा फरक २४ टक्क्यांवर जातो. ही सरासरी झाली. पंख जिथे धडाला मिळतो त्या मुळाशी आणि पंखाच्या पुढच्या कडेपाशी दाब याहूनही खाली उतरतो, म्हणून ढग आधी तिथेच धरतो. आता दोन्ही जागा शेजारी ठेवा. येलहंकाच्या कोरड्या दुपारी व्हेपर बघायला वैमानिकाने विमान जिवाच्या आकांताने ओढावं लागतं. मालवणला दमट संध्याकाळी नुसतं बऱ्यापैकी वळण घेतलं तरी पाठ पांढरी होते. दिल्ली-बंगळूरला जाऊन मोठमोठे शो बघून आलेल्या मित्रांना मी हे नेहमी सांगतो. ज्या हवेला आपण घामाघूम होऊन नावं ठेवतो, ती लढाऊ विमानाची सगळ्यात सुंदर बाजू दाखवते.

डिसेंबरात मात्र वेळेला महत्त्व आहे. सकाळी मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात आणि ते कोरडे असतात. दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि समुद्राची ओल आत आणतात. डब्यातले पापड सादळले, मिठाला पाणी सुटलं, असा दिवस असेल तर मी कॅमेरा हमखास बाहेर काढतो. नौदलाची प्रात्यक्षिकं बहुधा दुपारनंतर, सूर्य कलताना होतात, हेही आपल्या पथ्यावरच पडतं.

मग वाळूत उभं राहून ओळखायचं कसं? पहिली नजर जागेवर टाका. धूर शेपटीमागून निघतो आणि विमानापासून लांब लांब जात राहतो. व्हेपर पंखाच्या पाठीवर, शेपटीच्या पुढे असतो. दुसरी नजर वळणावर. विमान सरळ जात असतानाही पट्टा चालू असेल तर तो धूर. कलंडल्यावर उमटला आणि सरळ होताच गेला, तर व्हेपर. आणि थोडं थांबून बघा. धुराचा पट्टा काही मिनिटं रेंगाळतो, पसरतो आणि खारा वारा असेल तर हळूहळू माडांच्या दिशेने सरकतो. व्हेपर वाऱ्याबरोबर वाहून जाण्याइतका टिकतच नाही.

पंखांच्या टोकांपाशी मात्र जाणकारही फसतात. जोरात वळणाऱ्या विमानाच्या दोन्ही टोकांपासून बारीक पांढरे दोर निघतात. टोकाशी हवा भोवऱ्यासारखी फिरते, भोवऱ्याच्या मध्यात दाब फार कमी असतो आणि तिथे थेंब धरतात. हा व्हेपरच. पण काही विमानांच्या टोकांना शोसाठी धुराच्या नळकांड्याही लावतात आणि लांबून दोन्ही सारखंच दिसतं. इथे पुन्हा वळणाची कसोटी लावा. विमान सरळ झाल्यावर दोर तुटले तर भोवरे, चालू राहिले तर नळकांड्या. पंख्याच्या विमानांत याचाच एक देखणा प्रकार बघायला मिळतो. दमट हवेत पूर्ण ताकद लावून धावपट्टीवरून सुटताना पंख्याच्या पात्यांच्या टोकांपासून मळसूत्रासारखी पांढरी वेटोळी मागे जातात. तटरक्षक दलाचं डॉर्नियर रत्नागिरीकरांच्या ओळखीचं आहे. पावसाळ्याच्या तोंडाला ते उडताना दिसलं तर पात्यांकडे लक्ष ठेवा.

एक गैरसमज मात्र मला आवर्जून खोडायचा आहे. अतिवेगाने जाणाऱ्या विमानाभोवती कधीकधी घागऱ्यासारखा पांढरा शंकू दिसतो आणि त्या फोटोखाली हमखास लिहिलेलं असतं, 'विमानाने ध्वनीची भिंत फोडली तो क्षण'. तसं नसतं. ३० अंश तापमानात ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२५० किलोमीटर असतो. विमान त्याच्या जवळ, पण अजून खाली असताना त्याच्या अंगावरून जाणारी हवा काही ठिकाणी ध्वनीहून जास्त वेग घेते, तिथे दाब एकदम उतरतो आणि ढग धरतो. हासुद्धा व्हेपरच, वळणाऐवजी वेगाने आलेला. हवा दमट असेल तर तो ध्वनीच्या वेगाच्या बराच आधी दिसतो. विमानाने खरोखर ध्वनीचा वेग ओलांडला असता, तर आपल्या कानांना आणि किनाऱ्यावरच्या घरांच्या काचांना ते वेगळं सांगावं लागलं नसतं.

बाकीचे दोन पांढरे-काळे प्रकार पटकन सांगतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या प्रवासी विमानांमागची लांब रेघ म्हणजे इंजिनातून निघालेल्या पाण्याच्या वाफेचं उणे ४० अंशांच्या थंडीत झालेलं बर्फ. शोशी तिचा संबंध नाही. आणि जुन्या मिग-२९ च्या मागे काळसर शेपूट दिसायची, तो मात्र खरा धूर, पूर्ण न जळलेल्या इंधनाची काजळी. नौदलाच्या मिग-२९के ची इंजिनं त्या मानाने बरीच स्वच्छ आहेत.

फोटो काढणाऱ्यांसाठी शेवटचं. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळच्या शोला सूर्य थेट डोळ्यांत येतो. धुराचा जाड पट्टा सूर्यासमोर आला की काळपट, मळका दिसतो. त्याचे रंग टिपायचे असतील तर सूर्यापासून लांब, उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या आकाशात विमान येण्याची वाट बघा. व्हेपरचं उलट आहे. तो इतका विरळ असतो की सूर्याच्या शेजारून जाताना उजळून निघतो आणि कधी कधी त्यात शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे गुलाबी-हिरवे रंग झळकतात. तेव्हा सूर्याच्या अगदी कडेच्या आकाशावर कॅमेरा रोखायला घाबरू नका, फक्त लेन्समधून थेट सूर्याकडे बघू नका. आणि ढग दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. एका पंखाचं टोक जरा खाली झुकताना दिसलं की लगेच सलग फोटो सुरू करा आणि विमान पुन्हा सरळ होईपर्यंत बोट उचलू नका. त्या संध्याकाळी मी काढलेल्या तीस-चाळीस फोटोंपैकी एकातच तो ढग आला आहे. पंखाच्या मुळापासून निघून शेपटीच्या जरा अलीकडे संपणारा, आणि खालच्या कडेला शिंपल्यासारखी बारीक गुलाबी रेघ.